अकरा ते चारचा वेग

पंचवटी, नाशिक
२४ सप्टेंबर २००५

ती. सौ. सुवर्णाताईस राजूचा नमस्कार. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाचरांच्या परीक्षेची चौकशी मुद्दाम करत नाही (निकाल चांगला असता तर तूच कळवला असतास). इकडे आई आणि मी ठीक आहोत.

पत्राचं कारण नोकरी. (फोनच केला असता, पण फोन आईच्या पलंगाशेजारी आहे.) आमची कंपनी तार न टाकता हवेतून इंटरनेट देते, हे तुला माहीत आहेच. चाचणीसाठी एक अँटेना आपल्या गच्चीच्या कठड्याला बांधलाय, नदीपलीकडच्या ऑफिसकडे तोंड करून. मी गच्चीवरच्या खोलीत बसायचं, दर तासाला तीच एक फाईल ऑफिसातून ओढायची आणि वेग वहीत लिहायचा. घटस्थापनेपर्यंत सलग आठ दिवस वेग टिकला तर मी कायम, नाहीतर नारळ, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं. मीही शांतपणे ऐकलं. आईला यातलं काही बोललो नाही, उगाच जिवाला घोर लावून घेईल.

तर वेग सकाळी उत्तम असे. अकराला मान टाके आणि चारनंतर हळूहळू शुद्धीवर येई. मी केबल बदलली. जोड उघडून पुन्हा बसवले. मग शेजारच्या झुंबरअण्णांना त्यांचा बिनवायरचा फोन तीन दिवस बंद ठेवायला लावला. (नेमके त्याच तीन दिवसांत त्यांच्या मुलीला आलेल्या स्थळाकडचे लोक फोन करून करून थकले. अण्णा आता माझ्याशी बोलत नाहीत. वेगात फरक शून्य.) शेवटी ऑफिसातून अमित नावाचा इंजिनिअर आला. त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर दोन दिवस तीच फाईल ओढली, तेच आकडे काढले आणि कारणाच्या रकान्यात 'हवामान' असं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तो चहाचा कप घेऊन कठड्याशी गेला आणि तिथेच उभा राहिला. अँटेनाच्या अगदी तोंडासमोर तुझ्या बारशातली ती जाड गोधडी निथळत होती. अमित म्हणाला, "राजूदादा, ओल्या कपड्यातून लहरी जात नाहीत. पाणी पिऊन टाकतं त्यांना."

आता तू विचारशील, मला दिसली नव्हती का? दिसली होती. रोज तिला वळसा घालूनच मी अँटेना तपासायला जात होतो. पण नवरात्राआधी घरातलं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हे जन्मापासून इतकं अंगवळणी पडलंय, की गोधडीला बिघाडात धरावं हे काही सुचलं नाही. आईला म्हटलं, जरा मागच्या बाजूला वाळत घाल. ती बरं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिथेच दोन घातल्या. पुढे ऊन चांगलं येतं म्हणे. आईशी वाद घालायचा नाही, हे तूच मला लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलं आहेस, तेव्हा मी गप्प बसलो.

असो. बाकी सर्व कुशल. मुलांना पापा.

तुझा,
राजू

ता. क. : पत्र मिळताच फोन कर आणि आईला घटस्थापनेपर्यंत मनमाडला बोलावून घे. दाजींचा गुडघा फार दुखतोय असं सांग. परवापासून वेग टिकला तरच माझे आठ दिवस भरतात.

ता. क. २ : घरातला गोंद संपलाय. पाकीट आईच पोस्टात चिकटवून टाकेल. काळजी नको, तिचा चष्मा चार दिवस सापडत नाहीये.

सुवर्णे, चष्मा तांदळाच्या डब्यात होता. मी दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही, पण तुम्ही दुसरे नाही. आपल्या गल्लीतल्या लताबाईच्या पुतणीनं सांगितलं की त्या यंत्रातून किरण येतात आणि डोक्याला बाधतात. हा तर दिवसभर त्याच्या मागेच बसलेला. म्हणून गोधडी घातली. कोरडी घातली तर हा वर शीळ घालायचा, म्हणजे यंत्र चालायचं, किरण येत होते. ओली घातली की कपाळाला हात लावून बसायचा. मग ओलीच घालत गेले. धुवायच्या गोधड्या तर केव्हाच संपल्या, त्याच त्या भिजवते. नोकरीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आज सगळ्या काढून घड्या घातल्या. जावईबापूंचा गुडघा आहे तसाच बरा असू दे, मी येत नाही. त्याला यातलं काही कळू देऊ नकोस. आता बारा वाजलेत, वर तो शीळ घालतोय, आणि इथे खाली माझा जीव थाऱ्यावर नाही.