दर्बातचा धबधबा आणि नवमीचं पान

आई,

या नवमीला मी बाबांशी खोटं बोलले, आणि ते त्यांना इतकं पटलं की तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. तू सवाष्ण गेलीस, म्हणून पितृपक्षातली नवमी तुझी. त्या दिवशी दुपारी बाबांचा पुण्याहून फोन येतोच. "पान ठेवलंस का? कावळा आला का?" एवढंच विचारतात आणि उत्तर येईपर्यंत श्वास रोखून धरतात, मला इकडे मस्कतमध्ये ऐकू येतं. मला भाऊ नाही, बाबांना आता ओट्याशी उभं राहवत नाही, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. खीर, वडे, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत करते. शेजारच्या मराठी वहिनींना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावते, आणि आमच्या अल् घुब्रा वस्तीतल्या उन्हात गच्चीच्या कठड्यावर तुझं पान ठेवून कावळ्याची वाट बघत उभी राहते. इतक्या वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं गं.

या वर्षी मात्र आम्ही त्या आठवड्यात दक्षिणेला सलालाहला होतो. तोच डोंगरातला लॉज, तू आली होतीस तेव्हा आपण उतरलो होतो तो. नवऱ्याला रजा होती, लेकीने शाळा बुडवली. निघताना नवऱ्याने विचारलं, "कुकर घ्यायचा?" मी म्हटलं, "काही नको." लेक तर टाळ्याच वाजवायला लागली. "फायनली! आई, आपण नॉर्मल लोकांसारखं हॉटेलमध्ये इट करणार?" तिचं मराठी ऐकून तू कपाळाला हात लावला असतास.

लॉजचं स्वयंपाकघर होतं तसंच आहे. खिडकीखाली गॅस, बाहेर धुकं, आणि धुक्यातून अचानक एखाद्या उंटाची मान. मी दारातच थांबले. तेव्हासारखीच तू तिथे उभी आहेस. पदर खोचलेला, जुन्या साडीत गुंडाळून अख्ख्या वाळवंटातून आणलेला कुकर गॅसवर चढलेला. मस्कतहून निघालो तेव्हा डिकीत आमच्या कपड्यांपेक्षा तुझे डबेच जास्त, तांदूळ, तूरडाळ, गोडा मसाला, वर लसणीची चटणी. "गॅस आहे म्हणतेस ना तिथे? मग बाहेर कशाला जेवायचं? कोण कुठल्या हातांनी काय करतंय, देव जाणे." नात नुकती चालायला लागलेली, ती तुझ्या पायांत घोटाळतेय. खाली नवरा गाडी चालू करून ओरडतोय, "यल्ला, निघायचं का?" दर्बातच्या धबधब्याला जायचं ठरलेलं असतं. तू मागे वळून न बघताच म्हणतेस, "तुम्ही जाऊन या. मी आमटी टाकते, आलात की गरम गरम जेवा." आणि मी, आई, मी एकदाही म्हणत नाही की आमटी गेली खड्ड्यात, तू चल. मी नातीला उचलते आणि जाते. खरं सांगू? बरंच वाटलं होतं मला. परत येऊन आयतं ताट मिळणार होतं.

त्या संध्याकाळी तू आम्हाला वाढलंस, मग हात पुसून माझ्या शेजारी बसलीस आणि कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून पाहिलेस. "किती गं पाणी! उद्या मला नेता का जरा?" मी म्हटलं, "उद्या परत निघायचंय आई, वाट वाकडी होईल. पुढच्या वेळी नक्की." तू लगेच "हो हो, बरोबर आहे" म्हणालीस आणि उठून भांडी घासायला घेतलीस. पुढची वेळ आलीच नाही.

तर यंदाची नवमी. सकाळी दर्बातला गेलो, पाण्याच्या कडेला बसलो. दुपारी डोंगराच्या वाटेवर जेवायला थांबलो. तिथे तापलेल्या दगडांवर मांस भाजून देतात, मधबी म्हणतात त्याला. तू असेपर्यंत आपल्या घरात पितृपक्षात अंडंसुद्धा आलं नाही, आणि मी नवमीच्या भर दुपारी बोटं चाटत बसले होते. तेवढ्यात कठड्यावर एक कावळा येऊन बसला. चांगला थोराड, डोंगरातला. मान वाकडी करून थेट माझ्या ताटाकडे बघत होता. मला सर्रकन काटा आला. आणि काय केलं मी? हातातला रुमाल झटकून हाकललं त्याला. हुश्श! लेक हसली. "आई, ही वॉज जस्ट हंग्री!"

तो उडाला न उडाला तोच बाबांचा फोन. मी ताटापासून उठून लांब गेले. "आम्ही सलालाहला आहोत बाबा."

"अरे! मग आजचं पान?"

"लॉजवरच केलं सगळं. स्वयंपाकघर आहे ना इथे."

"आणि कावळा?"

"आला. लगेच आला, बाबा."

त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. म्हणाले, "येणारच. तिथे जीव अडकला होता तिचा. तिकडून आली ना, तर महिनाभर दुसरा विषय नव्हता. सगळ्या सोसायटीला सांगून झालं, लेकीने हाताला धरून धबधब्यापर्यंत नेलं, पाण्यात पाय सोडून बसलो दोघी, पाणी कसलं गार! मला तर पाठच झालं होतं."

"हो बाबा, फार गार असतं पाणी," एवढं कसंबसं म्हणाले. मग गाडीआड उभी राहून रडले. नवऱ्याला वाटलं, नवमी विसरले म्हणून रडतेय. बिचाऱ्याने समजूत काढली, "होतं गं असं, घरी गेल्यावर कर."

आई, तू कशाला गं असं सांगितलंस? लेक तुला ओट्याशी उभं करून स्वतः फिरून आली, हे बाबांना कळू नये म्हणून ना? तू पांघरूण घातलंस ते माझ्यावर. मी कावळा रचला तो मात्र स्वतःला वाचवायला. वर जो खरोखर आला होता, त्याला उपाशी हाकललं. घरी आल्यावर सर्वपित्रीला सगळं रांधलं, कठड्यावर ठेवलं. खारट झाले होते वडे. कावळा बऱ्याच वेळाने आला, की कबूतरांनी नेलं, माझं लक्ष नव्हतं.

हे सगळं बाबांनाच लिहून पाठवावं, असंही एकदा मनात आलं. पण वाचलं तर त्यांचा कावळा जाईल आणि तुझा धबधबाही जाईल. त्यांच्याकडे आता तेवढंच आहे. म्हणून हे पत्र कुठेच जाणार नाही.

आणि मी विसरले नव्हते, आई. नवऱ्याने रजेसाठी दोन वेगवेगळे आठवडे सुचवले होते, त्यातला एक मी निवडायचा होता. मी कॅलेंडर काढलं, तुझी नवमी कुठे येते ते बोट ठेवून पाहिलं, आणि तोच आठवडा सांगितला. एक वर्ष तरी मला ओट्याशी उभं राहायचं नव्हतं.