रोझलिनची शिंक

लॉस एंजेलिस

प्रिय आई,

मी मजेत आहे, वेळेवर जेवतेय. तुझा गुडघा काय म्हणतोय?

काल आमच्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. मी हातांनी, खुणांच्या भाषेत गाते आणि रोझलिन मागे उभी राहून माझा आवाज होते. वाद्यं मला ऐकू येत नाहीत, म्हणून गाणं सुरू करायची वेळ झाली की ती माझ्या पाठीवर थाप देते. काल तिला शिंक आली आणि थाप आधीच बसली. मी झाले सुरू! नंतर ती खुणांनी म्हणाली, "बाई, धाप लागली तुला गाठताना."

घरी जेवताना सगळ्यांचं हसून झालं की मग मला विनोद कळायचा, आठवतं? काल पहिल्यांदा आवाज माझ्या मागून धावत आला.

बाबांना घेऊन ये बघायला.

तुझी,
लिओना