नातीचा रंग माझ्याकडून आला आहे

बिशान, सिंगापूर
रविवार

चि. सौ. सुचित्रा हिस,

विमलताईचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? प्रबोधरावांची साखर उतरली का? (जिलबी नुसती कपाटात ठेवून भागत नाही, त्यांना कपाट ठाऊक आहे.) इकडे सगळे खुशाल. मी तेवढी जळते आहे.

झालं असं, की सूनबाईची, प्रणवच्या आबेनाची, आई घानाहून आली. नात ऋता महिनाभर ‘नाना येणार, नाना येणार’ म्हणून नाचत होती, तेव्हा मी समजले वडील येताहेत आणि त्यांच्यासाठी सुपारी-अडकित्ता काढून ठेवला. दारात बघते तर पिवळ्याधमक झग्यातल्या उंचच उंच विहीणबाई! (त्यांच्यात आजीला नाना म्हणतात. हे मला कुणी आधी सांगायचं?)

आता ऋताचं ऐक. पाच वर्षांची पोर. बालवर्गात कुणीतरी तिच्या केसांना भांडी घासायचा काथ्या म्हणालं. तेव्हापासून ही जी टोपी घालून बसली ती जेवताना नाही, झोपताना नाही, काढायलाच तयार नाही. आईबापांनी समजावलं, बाईंनी वर्गात समजावलं, काही उपयोग नाही. मग मी म्हटलं, मी आहे ना! खोबरेल तेल जिरवलं आणि पाणी न लावताच केसांत फणी घातली. फणीचे तीन दात गेले आणि ऋताने असा भोंगा पसरला, की समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी बघायला आल्या. विहीणबाईंनी मात्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीला दोन गुडघ्यांमध्ये बसवलं, केसांना पाणी आणि कसलंसं लोणी लावलं आणि बोटांनी अलगद भांग पाडत सगळी दुपार वेण्या घातल्या. एकीकडे गोष्टी चालूच. त्यांच्या आईने त्यांना कशा घातल्या, आबेनाला त्यांनी कशा घातल्या. शेवटी हातात आरसा दिला आणि विचारलं, हे केस कुणाचे? तर ही ओरडते, “माझे! अँड नानाज!” टोपी गेली कोचाखाली. मी स्वयंपाकघरात थालीपीठ करपवत होते.

तेव्हापासून उठता-बसता नाना. नानाच्या हाताशेजारी हात धरायचा आणि म्हणायचं, बघ, माझा रंग नानाचा. मी भरवायला गेले तर, “आजी, वेट ला!” (इकडच्या इंग्रजीला असं ‘ला’चं शेपूट असतं.) मी काय फक्त वरणभाताची धनी?

परवा यिशुनला प्रणवच्या मैत्रिणीकडे, क्षिप्राकडे, फराळाला गेलो. तिच्या सासूबाई नीताताई नुकत्याच पुण्याहून आल्यात. त्यांनी ऋताची हनुवटी धरली आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “नाकीडोळी गोड आहे हो, रंग तेवढा तिकडचा आला. डाळीचं पीठ लावत जा.” ऋता बोलते अर्धं इंग्रजीत, पण मराठी अक्षर न् अक्षर कळतं तिला. ती चकली तशीच हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. विहीणबाईंना काही कळलं नाही, त्या हसतच होत्या. सुचित्रा, तुला खरं सांगते, डाळीच्या पिठाचा राग मला दुसरा आला. पहिला आला तो ‘तिकडचा’चा! म्हणजे याचंही श्रेय त्यांनाच? मी उठले, पदराने तोंडावरची पावडर खसाखसा पुसली, बाही वर केली आणि हात नीताताईंच्या नाकासमोर धरला. म्हटलं, “तिकडचा कशाला? माझा आहे हा. नीट बघा. आणि पीठ आमच्याकडे लाडवाला लागतं.”

ऋताने आपला हात माझ्या हाताला लावून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि डोळे एवढे मोठे केले. “आजी, यू ऑल्सो गॉट? मग आधी का नाही सांगितलं?”

काय सांगणार होते मी? जन्मभर घरात तू गोरी आणि मी ‘नाकीडोळी नीटस’. स्थळांना पत्रिका पाठवताना वडिलांनी माझा रंग ‘गव्हाळ’ लिहिला, आणि त्या दिवसापासून मी पावडर लावते आहे. पण पोर माझा दंड सोडेना. विहीणबाईंना आबेनाने सगळं इंग्रजीत सांगितलं, तर त्यांनी मला असं कवटाळलं, की बरगड्या अजून दुखतात. एवढं होऊन येताना MRT च्या गाडीत कारटी झोपली ती त्यांच्याच मांडीवर! माझ्या वाट्याला तिच्या चपला.

सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझी
विमलताई

ता. क. : खरं काम राहिलंच. ऋताच्या वर्गात आजी-आजोबांचे लहानपणीचे फोटो लावणार आहेत. विहीणबाईंचा इतका देखणा निघाला, की मला दोन घास कमी गेले. आपला मिरजेचा अंगणातला फोटो तुझ्याकडे आहे, ज्यात मी उन्हात उभी आहे आणि कुणी रंगवून गोरी केलेली नाही. तो मोबाईलवर लगेच पाठव. शेजारी तू आहेस, तेवढा भाग दुमड.

ता. क. दुसरा : विहीणबाईंचा मुक्काम वाढवून घे, असं मीच प्रणवला सांगितलं आहे. केवळ वेण्यांसाठी. माझा भांग अजून वाकडा पडतो, आणि सरावाला ऋता डोकं देत नाही, विहीणबाई देतात. काल त्यांनी माझ्याही सहा वेण्या घातल्या. त्याचा फोटो मागू नकोस.