वचन मिळणार नाही

रेडमंड,
१४ जानेवारी २०२५

ती. नीलाताईस,
शि. सा. न.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि उत्तर देत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझी लेक माझ्याकडेच आहे. आज दोन वेळा वरणभात मागून खाल्ला आणि युनिव्हर्सिटीत गेली. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, छाती स्वच्छ आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

शनिवारचं तू ज्ञानदाकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलंस. सगळं सांगते. दोन फूट नवा बर्फ पडला होता. आम्ही दोघी झाडांतून स्कीइंग करत उतरत होतो. म्हणजे मशीनने दाबून गुळगुळीत केलेल्या उतारावरून नाही, त्याच्या बाजूच्या फर झाडांच्या रानातून. रिसॉर्टच्या हद्दीतच, दोरी ओलांडून नव्हे. नियम असा की एकीने थोडं उतरायचं, थांबायचं, दुसरीला येऊ द्यायचं. कायम एकमेकींच्या नजरेत. मी थांबले, वळून पाहिलं, तर ज्ञानदा नव्हती. हाक मारली. उत्तर नाही.

मोठ्या फरच्या फांद्यांखाली बर्फ नीट साठत नाही, बुंध्याभोवती पोकळी राहते आणि वरून ती भुसभुशीत बर्फाने झाकली जाते. तुझी लेक त्यात डोकं खाली करून पडली होती. मला फक्त तिच्या पायातल्या एका स्कीचं टोक हलताना दिसलं. मी चढत गेले, तोंडाचा अंदाज घेऊन बाजूने हातांनी खणलं, आधी श्वासापुरती जागा केली, मग ओढून काढलं. ओठ निळे होते. खोकली, आणि पहिलं काय म्हणाली तर तिचा हातातला एक स्की-पोल हरवलाय. तेव्हा मला रडू आलं.

चूक माझी आहे. बर्फ इतका सुरेख होता की त्या भरात मी ठरल्यापेक्षा बरीच खाली जाऊन थांबले. परत चढण्यात तीन-चार मिनिटं गेली. हे मी लपवणार नाही.

रवींद्र भावोजींना नमस्कार. हवा तेवढा राग कर, पण फोन उचल.

तुझी,
रत्ना


शुगर लँड,
२० जानेवारी २०२५

चि. रत्नास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिले गेले, मनात आत्ता शिव्या आहेत. फोन उचलला असता तर मी रडले असते, आणि रडणाऱ्या माणसाचं तू कधी ऐकत नाहीस.

तीन-चार मिनिटं, असं तू सहज लिहून टाकलंस. अठ्ठावीस वर्षं मी ऑपरेशन टेबलाच्या डोक्याशी बसून दुसऱ्यांचे श्वास सांभाळते आहे. तीन-चार मिनिटं म्हणजे काय, हे भूल देणाऱ्या डॉक्टरला तू शिकवू नकोस. गेल्या सोमवारी ज्ञानदाच्या वयाची एक मुलगी टेबलावर होती. तिचा मास्क मी तीनदा काढून परत लावला. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं आणि मी बाहेर जाऊन बसले. आजवर असं कधी झालं नव्हतं.

तू चौपन्न वर्षांची आहेस. बर्फावर जायचंच असेल तर चार माणसं जातात त्या मोकळ्या उतारावर जा. त्या झाडांत काय ठेवलंय? तुला मूल असतं, तर तू माझ्या मुलीला तिकडे नेलंच नसतंस.

मला लेखी वचन हवं आहे. यापुढे तू झाडांत जाणार नाहीस आणि ज्ञानदालाही नेणार नाहीस. ते येईपर्यंत मी बोलणार नाही. रवींद्र म्हणतात की मी फार ताणते आहे. म्हणू देत.

लिंबाचं लोणचं पाठवलंय. ते तिच्यासाठी आहे.

ताई


रेडमंड,
२६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

वचन मिळणार नाही.

एक तर ज्ञानदा तेवीस वर्षांची आहे. तिच्या वतीने वचन द्यायला मी कोण? आणि माझ्यापुरतं म्हणशील तर आजवर मी पुष्कळ वचनं देऊन बसले आहे. इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. सात वर्षं मी या घराच्या खिडकीतून पाऊस पाहिला. संग्राम हा संसार सोडून गेला तेव्हा मी पुण्याला परत यावं की नाही, केस रंगवावेत की नाही, गणपतीच्या कार्यक्रमात कोणाशेजारी बसावं, हे सगळ्यांनी ठरवलं. तूसुद्धा. मी मान डोलावत राहिले.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी स्कीइंगचा पहिला धडा घेतला, पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत. ती पोरं मला उठायला मदत करायची. झाडांत जाण्याइतकं जमायला आणखी सहा हिवाळे गेले. तिथे काय ठेवलंय म्हणतेस? तिथे प्रत्येक वळण मला ठरवावं लागतं, लगेच, आणि कोणी सल्ला द्यायला नसतं. यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

मुलाचं तू लिहायला नको होतंस. मी त्या दवाखान्यांच्या चकरा मारत होते तेव्हा रोज फोनवर तूच असायचीस, म्हणून तुझ्याकडून जास्त लागलं. ताई, खणताना ग्लोव्ह्ज कुठे गेले मला कळलं नाही. दोन नखं उखडली. ज्ञानदा कोणाच्या पोटची, हे तेव्हा माझ्या हातांनी विचारलं नाही.

लांब जाऊन थांबण्याची चूक पुन्हा होणार नाही. आता दोघींच्या पाठीवर छोटं फावडं असेल आणि खिशात एकमेकींशी बोलायला रेडिओ. हे मी तुला सांगते आहे, परवानगी मागत नाही.

आणि काल मी गेले. त्याच रानात. ऑफिसमधला जय सोबत होता. पहिली दहा वळणं मी मोठ्याने मोजत घेतली. मग मोजायचं विसरले.

लोणच्यातल्या चार फोडी मी खाल्ल्या. माया कमी करू नकोस, कमी केलीस तरी मी मागत राहीन.

रत्ना


सिअ‍ॅटल,
२९ जानेवारी २०२५

ती. आईस,
सा. न.

मावशी म्हणाली पत्राला मायना हवाच, सो तो लिहिला. माझ्या मराठी स्पेलिंगला हसू नकोस.

मावशीने तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. तिने मला तिच्या ट्रॅकमागूनच यायला सांगितलं होतं. मला डावीकडे एक अख्खा पॅच दिसला, कोणीच स्की न केलेला, आणि मी तिकडे वळले. त्या मोठ्या झाडापासून लांब राहा हेही तिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ती दमून बसल्यावर मी तिला म्हटलं की मी आईला हे सांगते, तर ती म्हणाली गरज नाही, तुझी आई आधीच भरपूर चिडणार आहे.

आत अंधार होता आणि हलले की अजून बर्फ पडत होता. मी हलणं बंद केलं आणि हात तोंडासमोर धरून ठेवला. हे मला मावशीनेच नोव्हेंबरमध्ये पार्किंग लॉटमध्ये दहा वेळा करायला लावलं होतं. मी तेव्हा हसत होते यार. तिने शिकवलं नसतं तर ती पोचायच्या आत संपलं असतं. हे तुला डॉक्टर म्हणून माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मी बावीस फेब्रुवारीला परत त्या रानात जाणार आहे, तिच्याबरोबरच. दुसऱ्या कोणाबरोबर मला भीती वाटेल. प्लीज तिच्याशी बोल. ती रोज फोन उलटा ठेवते आणि रोज सरळ करून बघते.

तुझी,
ज्ञानदा


शुगर लँड,
५ फेब्रुवारी २०२५

चि. रत्नास,
अ. उ. आ.

मुलाचं ते वाक्य मी मागे घेते. लिहिताना मला माहीत होतं की ते कुठे लागेल, म्हणूनच लिहिलं. त्याची लाज वाटते.

बाकी एक अक्षरही मागे घेत नाही. तू वचन देणार नाहीस, ज्ञानदा ऐकणार नाही. मग मीही ऐकणार नाही. एकवीसला येते आहे. मला स्की वगैरे बांधू नका. तुम्ही त्या झाडांतून जिथे बाहेर पडता, तिथे मी उभी राहीन आणि प्रत्येक वेळी दोघी मोजीन. तुला आवडो न आवडो.

गुडघ्याएवढे बूट भाड्याने मिळतात का ते पाहून ठेव. नखांवर काय लावतेस ते कळव.

तुझी,
ताई


रेडमंड,
२५ फेब्रुवारी २०२५

ती. रवींद्र भावोजींस,
सा. न. वि. वि.

ताईने घरी येऊन तुम्हाला सांगितलं म्हणे, की ती दिवसभर रिसॉर्टच्या कॅफेत चहा पीत बसली होती. ज्ञानदा हसून लोळली. खरं काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

रान संपून मोकळा उतार सुरू होतो त्या कडेला ती सकाळी दहापासून उभी होती, हातात पर्स, डोळे घड्याळावर. पहिल्या पाच फेऱ्यांना आम्ही दोघी बाहेर आलो, तिने मान हलवली. सहाव्या फेरीला ज्ञानदा एकटी बाहेर आली. माझ्या बुटाची स्की सुटली होती म्हणून मी साठ-सत्तर पावलं वर थांबले होते, ज्ञानदाला दिसत होते. तिने तसं ओरडून सांगितलंही. ताईला ऐकू गेलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं.

ती सरळ झाडांत घुसली. मांडीपर्यंत रुतायची, पाय उपसायची, पुन्हा रुतायची. रत्ने, रत्ने म्हणून हाका. मी ओ दिली, हात हलवला, तिथेच थांब म्हणून सांगितलं. थांबली नाही. पर्स दातात धरून दोन्ही हातांनी फांद्या पकडत अठ्ठावन्न वर्षांची तुमची बायको माझ्यापर्यंत चढून आली. कमरेपर्यंत बर्फात उभी राहून तिने माझं जॅकेट घट्ट धरलं. चष्म्यावर बर्फ होता, तो पुसायलाही हात सोडला नाही.

मला वाटलं आता पुन्हा तोच विषय निघणार. मी आधीच सांगून टाकलं की वचन मी अजूनही देणार नाही. ती म्हणाली की कोणी मागितलंय?

मग तिने पहिल्यांदा इकडेतिकडे पाहिलं. वारा नव्हता. वरच्या फांदीवरून थोडा बर्फ तिच्या डोक्यावर पडला, तो तिने झटकला नाही. मला विचारलं, वर नेणारी ती लिफ्ट किती वाजेपर्यंत चालू असते. मी म्हटलं, चारपर्यंत. तिने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली की म्हणजे अजून दीड तास आहे. मग माझं जॅकेट सोडलं आणि मला म्हणाली, जा.

हे पत्र तिला दाखवू नका. दाखवलंत तरी हरकत नाही.

तुमची मेहुणी,
रत्ना