शून्यावा घात आणि माजलगावचा मोंढा

माजलगाव,
२० ऑक्टोबर १९९६

चि. मृत्युंजय यास,

ताईचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं बजावलं होतं, चढला असशीलच. इकडे सगळे धडधाकट. सून शिवकन्या दहावीच्या गणिताला पुन्हा बसली, म्हणून घरात दोन महिने घातांकांचं राज्य होतं. हा विषय सुटला तर अकरावीला नाव घालायचं. नाही तर तिच्या माहेरचे म्हणतात, आता पोरीनं संसार बघावा. (मी बी.एस्सी. होऊन गप्प ऐकायचं!)

पहिल्याच दिवशी तिने x गुणिले x² बरोबर x² लिहिलं. का, तर नुसत्या x च्या डोक्यावर काहीच नाही! म्हटलं, तिथे एक असतो, दिसत नाही. पाया सारखा असला की गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी. (टीव्हीची केबल काढून टाकली, मग डोक्यात शिरलं.) पुढे x⁴ भागिले x⁴ म्हणजे x⁰, म्हणजे एक, इथवर आलो आणि आमच्या ह्यांचा घास थांबला. "सगळं कटल्यावर एक कुठून आला? कामून पोरीला खोटं शिकवतीस?" म्हटलं, सोळाला सोळानं भागा. "एक." मग जेवा! तरी दुसऱ्या दिवशी धान्याच्या मोंढ्यातले ह्यांच्या जोडीचे दोन आडते खात्री करायला घरी हजर.

परवा पेपर झाला. x गुणिले x³, त्याला x⁴ ने भागून सोपं रूप द्या, असं आलं होतं. पायऱ्या सगळ्या बरोबर. शेवटी काय लिहिलंस? म्हणाली, "लाभ." तुला ठाऊकच आहे, धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ, दोन, तीन असं चालतं. ही आडत्याची लेक आणि आडत्याचीच सून. "हात आपसूक गेला, आत्याबाई." हे मात्र खूश. "बरोबरच लिवलं की! पह्यलं माप हाय ते."

तव्यावर भाकरी आहे, थांबते.

तुझी ताई,
नीला

ता.क. तू बोर्डाचे पेपर तपासतोस. मी कोणासाठी कधी मार्क मागितले नाहीत (मी शाळेत शिकवायचे तेव्हा तू माझ्याच वर्गात नापास झालास, आठवतं ना?), आताही मागत नाही. फक्त कुठे 'लाभ' दिसलं तर तो एक समजावा. जोडीच्या मास्तरांनाही सांगावं.

ता.क. २. पाकिटाला डिंक लावता लावता शिवकन्येने वरचं वाचलं आणि ओटा धरून हसत सुटली. "अवो आत्याबाई, पेपरात एकच लिवलाय! तुमचं तोंड बघायचं होतं." ह्यांना सगळं ठाऊक होतं. तेव्हा वरची विनंती तू वाचलीच नाहीस. मार्चात पेपरच्या सकाळी हिला घोटभर चहा जात नव्हता. आता त्याच विषयाच्या पेपरावरून सासूची फजिती करते. अकरावीच्या गणिताचं पुस्तक लगेच पाठव. माझ्या नावाने पाठव, निकालापर्यंत तिला कळू देऊ नकोस.