कुसाबाईने न दाखवलेली वेणीची ओळ

मी, बायडाबाई केरू गांगुर्डे, वय बासष्ट, राहणार पंचवटी, नाशिक, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात रागलोभ लिहायचे नसतात. माझे येतील. मरणार मी आहे, वकील नव्हे.

१. माझ्या नावावरचे दोन खोल्यांचे घर माझ्यामागे मुलगा पुंजाराम यास मिळावे. पुढच्या खोलीत पुतण्या रावजीला दुकान काढू देऊ नये. तो गोड बोलेल. बोलू द्यावे.

२. पोस्टातली शिल्लक व गळ्यातली पोत सून लंका हिला. माझ्या दुखण्यात तिने सगळं केलं आणि बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तरी चाललं असतं.

३. विणायच्या सुया, उरलेली लोकर व तपकिरी स्वेटर. या कलमाला जागा लागेल.

समोर राहणारी कुसाबाई माझी जिवाभावाची मैत्रीण. एकटी बाई, पण विणकामात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. माझे यजमान एसटीत ड्रायव्हर, पहाटेची निफाड गाडी त्यांच्याकडे. डेपोत कुणाच्या तरी अंगात वेणीच्या विणीचा स्वेटर पाहून आले आणि म्हणाले, "असला जमेल का गं तुला?" अख्ख्या संसारात त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही.

म्हणून मी कुसाबाईकडे शिकायला बसले. सुलट टाका शिकवला, उलट शिकवला. पण वेणीला पीळ द्यायची ओळ आली की म्हणायची, "आण इकडं, तुझ्यानं नाय व्हायचं." सुया घ्यायची, दाराकडे तोंड करून बसायची आणि ओळ विणून माझ्या हातात द्यायची. मी भोळी. मला वाटायचं, किती करते माझ्यासाठी!

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत ती बहिणीकडे सायखेड्याला राहायला गेली. इकडे यजमान खोकत होते आणि स्वेटर नेमका त्या ओळीपाशी अडला होता. तो पिशवीत घालून मी सायखेडा गाठलं. म्हटलं, "कुसा, तेवढी ओळ दाखव." तर म्हणाली, "घाई काय लागलीय? आल्यावर देते की करून." आणि चहा ठेवला. ती परत यायच्या आत यजमान न्यूमोनियाने गेले. स्वेटरने ते वाचले असते असं माझं म्हणणं नाही. पण मागितलेली एक वस्तू अंगावर न घालता माणूस गेला.

पुढे मी तो स्वेटर रागाने उसवायला घेतला. पिळाच्या ओळीपाशी सगळं समोर आलं. तीन टाके जादा सुईवर काढून पुढे धरायचे, त्यांच्या पलीकडचे तीन आधी विणायचे, मग धरलेले विणायचे. झाला पीळ. एवढंच! एवढ्यासाठी मला तंगवलं!

तशीच उठून गेले आणि विचारलं. कुसाबाई मान खाली घालून म्हणाली, "तुला आलं असतं तर तू माझ्याकडं कशाला आली असतीस, बायडे?"

अगं, आले असते! रोज आले असते. तेव्हा हे न सांगताच पाठ फिरवून घरी आले, म्हणून इथे लिहिते.

स्वेटर मी पुरा केला. तो पुंजारामने घालावा, ट्रंकेत ठेवू नये. सुया व लोकर लंकाला. जी कुणी शिकायला येईल तिला लंकाने ही ओळ समोर बसवून दाखवावी.

४. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष घेऊ नये. मी म्हटलं, मग एक साक्ष कुसाबाईची घ्या. हा कागद तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावा, मगच सही घ्यावी.

ठिकाण : पंचवटी, नाशिक
दिनांक : ११ डिसेंबर १९८४

सही : बायडाबाई केरू गांगुर्डे

साक्षीदार :
१. गोटीराम भिमाजी बोडके, निवृत्त कंडक्टर. सही केली.
२. कुसाबाई सावळीराम जाधव, शेजारीण. मजकूर ऐकला. खरा आहे.