जीवशास्त्राचं राहिलेलं प्रात्यक्षिक

न्यू बेडफर्ड
शनिवार, २३ मे

प्रिय इदालिना,

आम्ही दोघी ठीक आहोत. तू मैत्रिणीकडे वेळेवर जेवतेस असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. फेब्रुवारीत मेडिकल कॉलेजने तुला प्रवेश दिला. अट एकच, ठरलेले सगळे विषय जुलैअखेर पूर्ण हवेत.
२. ६ मे रोजी त्यांनी कळवलं की पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र, प्रात्यक्षिकासह, तुझ्या गुणपत्रकात नाही. शाळेतल्या परीक्षेवर मिळालेली सूट ते मानत नाहीत.
३. ती सूट घ्यायला मी सांगितलं होतं. माझ्या पदवीला ती चालली होती.
४. मी आखून दिलेला विषयांचा तक्ता माझ्यापुढे टाकून तू म्हणालीस, "रेघा तू मारल्यास, ताई. मी फक्त त्यांवरून चालले." आणि प्रॉव्हिडन्सला निघून गेलीस.

यातलं तिसरं कलम अपुरं आहे.

हे पत्र डायलिसिस केंद्राच्या बाहेरच्या खोलीत लिहिते आहे. आई आत आहे. तुला प्रवेश मिळावा म्हणून पवित्र आत्म्याच्या सणाला चर्चच्या सगळ्या मंडळींना सूप आणि पाव घालायचा नवस ती बोलली होती, तो आता फेडायला निघाली आहे. काल म्हणाली, "अडीचशे माणसं धरलीत."

"आई, प्रवेश अजून पक्का नाही."

"नवस मी देवाशी बोललेय, त्या कचेरीशी नाही. आणि आमच्या डॉक्टरीणबाई रुसून बसल्यात कशाला? तूही शिंपल्यासारखी मिटलेली. शिंपल्याला वाफ दिली की तो उघडतो तरी!"

मी भांडी घासत राहिले.

गेल्या वर्षी जूनमध्ये, तुझं नाव न घेता, मी त्या कॉलेजच्या प्रवेश-कचेरीला विचारलं होतं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, सूट चालणार नाही. तुझ्या हाती तेव्हा अख्खं वर्ष होतं. पण तुमच्या कॉलेजात ते प्रात्यक्षिक मंगळवार-गुरुवारी दुपारी असायचं, आणि त्या दुपारी आईला इथे तू आणत होतीस. तुला सांगितलं असतं तर मला आणावं लागलं असतं. शिंपल्यांच्या प्रयोगशाळेत मला नुकतंच दुपारपाळीची प्रमुख केलं होतं.

हे लोक इतकं बारीक बघत नसतील, असं मी मनाशी ठरवलं. मी दिवसभर शिंपल्यांतले जंतू मोजते. एक नमुना तपासायचा राहिला तर आम्ही सगळी खेप अडवून ठेवतो.

तेव्हा मी नकळत चुकले असं समजून तू रागावलीस, ते बरोबर नव्हतं. मला ठाऊक होतं.

प्रवेश-कचेरीतल्या बाईंना मी चारदा फोन केला.

"विद्यार्थिनी तुम्हीच का?"

"नाही. तिची बहीण."

"मग मला काही बोलता येणार नाही हो. तिलाच करू द्या फोन."

चौथ्या वेळी त्यांनी माझा आवाज ओळखला आणि नुसतंच "बाई गं" म्हणाल्या. दोष माझा आहे असं मी लेखी पाठवलं. त्याची पोचही आली नाही.

इथल्या कम्युनिटी कॉलेजात हाच विषय प्रात्यक्षिकासह उन्हाळ्यात आहे, १ जून ते २४ जुलै. एक जागा त्यांनी तोंडी राखली आहे. अर्जावर सही तुझीच लागते. मेडिकल कॉलेज तो विषय धरील का, हेही तूच विचारू शकतेस. धरील असं मी लिहू शकत नाही. आठ आठवडे करूनही ते नाही म्हणतील, ही शक्यता आहे. आणखी काय करता येईल ते मी शोधलं. मला करता येण्यासारखं काही सापडलं नाही.

दुपारपाळी मी सोडली. आईला आता मीच आणते. तू काहीही ठरवलंस तरी ते तसंच राहील. जूनमधल्या त्या उत्तराचं आईला सांगितलेलं नाही. सांग म्हणालीस तर आजच सांगेन.

शुक्रवारी, २९ तारखेला, दुपारी चार वाजता ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल. गुरुवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही, एवढं कळव. माझ्याशी बोलायचं नसेल तर आईला कळव.

ओदेत